मंदी त्यांची, तलफ आपली

"डॉक्टर, चहा-कॉफी हे व्यसन आहे का हो?" हा प्रश्न मला दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. गंमत म्हणजे विचारणारी व्यक्ती स्वतःबद्दल क्वचितच विचारते. सून सासऱ्यांबद्दल विचारते, बायको नवऱ्याबद्दल, आई बारावीतल्या मुलाबद्दल. ज्यांच्याबद्दल प्रश्न असतो ते शेजारच्या खुर्चीत बसून गालातल्या गालात हसत असतात.

या प्रश्नाचे वैद्यकीय उत्तर सोपे आहे आणि ते मी खाली देणारच आहे. पण इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मला एक वेगळी गोष्ट जाणवत आली आहे. घरात पैशाची ओढाताण सुरू झाली की काय काय बंद होते, हे डॉक्टरला लवकर कळते. आधी फळे जातात, मग डाळ पातळ होते, मग रक्त तपासायला "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतात. बीपीची गोळी दिवसाआड होते. चहा मात्र बंद होत नाही. उलट जेवण कमी झाले की चहा वाढतो. लॉकडाऊनमध्ये मी हे पाहिले, २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पाहिले, शिरोलीतल्या फाउंड्रीत काम कमी झाले तेव्हाही पाहिले.

हे जसे डॉक्टरला दिसते, तसे विकणाऱ्यालाही दिसते. किंबहुना त्याला आपल्या आधी दिसते. ज्या वस्तूची तलफ लागते ती वस्तू वाईट काळातही खपते, फक्त ती लहान, स्वस्त आणि हाताशी असली पाहिजे. आज आपल्या गावात कोपऱ्याकोपऱ्यावर दिसणारी चहा-कॉफीची दुनिया बऱ्याच अंशी या एका व्यापारी शहाणपणावर उभी आहे. आज त्याबद्दल सविस्तर बोलू.

कॅफिन मेंदूत नेमके काय करते?

आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. मेंदूच्या पेशींवर या द्रव्यासाठी खास जागा असतात. त्यांना आपण कुलपे म्हणू. ॲडिनोसिनची किल्ली कुलपात बसली की मेंदूला निरोप जातो: दमलास, आता थांब. यालाच आपण पेंगुळणे म्हणतो.

कॅफिनची ठेवण या किल्लीसारखीच आहे. ते कुलपात जाऊन बसते, पण फिरत नाही. कुलूप अडवून ठेवते एवढेच. त्यामुळे थकवा जात नाही, थकव्याची बातमी तेवढी पोहोचत नाही. म्हणून मी पेशंटना सांगतो की कॅफिन ताकद देत नाही, ते उसनवारी करते. उधारी कधीतरी फेडावी लागतेच.

रोज कॅफिन मिळू लागले की मेंदूही हुशार होतो. अडलेल्या कुलपांच्या बदल्यात तो नवी कुलपे तयार करतो. आता जुन्या मात्रेत भागत नाही. आणि एखाद्या दिवशी कॅफिन मिळालेच नाही, तर सगळी मोकळी कुलपे एकदम भरतात. डोके जड होते, ठणकते, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही, अंगात कणकण वाटते. "काय सांगू डॉक्टरसाहेब, च्या प्यायल्याबिगर डोकंच चालत न्हाई," असे आमचे काका सांगतात, तेव्हा ते शब्दशः खरे सांगत असतात. सकाळचा पहिला कप आपल्याला ताजेतवाने करतो असे वाटते. प्रत्यक्षात तो बराचसा रात्रभरात झालेली उतरण भरून काढतो.

मग हे व्यसन की सवय?

दारू किंवा तंबाखू ज्या अर्थाने व्यसन आहे त्या अर्थाने चहा-कॉफी नाही. चहासाठी घर विकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण शरीराचे अवलंबित्व मात्र नक्की तयार होते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आजारांची जी सुधारित सूची काढली, तीत कॅफिन बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाला निदान म्हणून स्वतंत्र स्थान दिले. कॅफिनचे व्यसन हे पूर्ण निदान म्हणून मात्र घेतले नाही, अधिक अभ्यास हवा असे म्हणून बाजूला ठेवले. मलाही हीच भूमिका पटते.

हा त्रास शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांनी सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो आणि दोन ते नऊ दिवसांत ओसरतो. दिवसाला १०० मिलिग्रॅम इतक्या थोड्या कॅफिनची सवय असली तरी तो होऊ शकतो. म्हणजे घरातले दोन-तीन कप चहा पुरेसे झाले.

हे वेळापत्रक लक्षात ठेवले की अनेक कोडी सुटतात. नवरात्रात चहा सोडून उपवास करणाऱ्या मावशींचे डोके दुसऱ्या दिवशीच का धरते? रमजानच्या पहिल्या दोन-तीन रोज्यांत दुपारनंतर डोके का ठणकते? ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या पेशंटला शुद्धीवर आल्यावर डोकेदुखी का होते? पित्त, ऊन, अशक्तपणा, भूल ही कारणे असू शकतात, पण बऱ्याचदा कारण न मिळालेला चहा हेही असते. २०१९ च्या पुरात एका निवारा शिबिरात मी तीन दिवस तपासणी केली. पहिल्या दिवशी डोकेदुखीची रांग लागली होती. कुणी झोपले नव्हते, सगळे घाबरलेले होते, त्यामुळे ती अपेक्षितच होती. दुसऱ्या दिवशी चहाची मोठी पातेली चढली आणि त्या रांगेतली निम्मी माणसे दिसेनाशी झाली.

आणखी एक गोष्ट. दुकानात मिळणाऱ्या डोकेदुखीच्या काही गोळ्यांमध्ये कॅफिन असते. चहा चुकल्याने दुखणारे डोके त्या गोळीने उतरते. माणूस म्हणतो, गोळी लागू पडली. खरे तर त्याने चहाच गोळीतून घेतलेला असतो. अशाने रोज गोळी घेण्याची सवय लागलेले पेशंट मी पाहिले आहेत.

मंदीत माल खपवायचा कसा?

आता विकणाऱ्याच्या बाजूने पाहू. त्यासाठी १९३० च्या दशकात जावे लागेल.

१९२९ मध्ये जगभर मंदी आली. कॉफीचे भाव कोसळले. ब्राझीलमध्ये कॉफी इतकी पडून राहिली की १९३१ ते १९४४ या काळात तिथल्या सरकारने सुमारे ७ कोटी ८० लाख पोती नष्ट केली. काही जाळली, काही समुद्रात टाकली. एवढ्या मालाचे करायचे काय, हा प्रश्न स्वित्झर्लंडच्या नेस्ले कंपनीपुढे आला. कॉफी टिकेल, आणि नुसते गरम पाणी घातले की तयार होईल, अशी करता आली तर ती घराघरात जाईल, ही कल्पना. मॅक्स मॉर्गेनथालर या रसायनतज्ज्ञाने त्यावर काही वर्षे काम केले आणि १ एप्रिल १९३८ रोजी नेसकॅफे बाजारात आली. पाठोपाठ महायुद्ध सुरू झाले आणि ही पूड सैनिकांच्या शिध्यात गेली. सैनिक घरी परतले ते सवय घेऊनच.

आपल्याकडेही तसेच घडले. कूर्ग, चिकमगळूर, निलगिरीच्या मळेवाल्यांची कॉफी तोवर मोठ्या प्रमाणात परदेशी जायची. तिथे भाव राहिला नाही तेव्हा देशातच पिणारे तयार करायचे ठरले. १९३५ मध्ये कॉफीवर उपकर बसवणारा कायदा झाला आणि त्या पैशातून प्रचारासाठी समिती नेमली गेली. १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले. पुढे महायुद्धात युरोपची बाजारपेठ बंद झाल्यावर कॉफी हाउसे देशभर पसरली. लेखक, पत्रकार, विद्यार्थी, चळवळीतले कार्यकर्ते तिथे तासन्‌तास बसू लागले. पन्नाशीच्या दशकात कॉफी बोर्डाने ती बंद करायला घेतली, तेव्हा कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने १९५७ पासून सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. कॉफी हाउसबद्दल आपल्याला जे प्रेम वाटते ते खरेच आहे. पण त्याचा जन्म पडून राहिलेल्या मालातून झाला, हेही खरे आहे.

चहाची कथा तर अधिक ठळक आहे. १९०३ पासून चहावर उपकर होता आणि त्यातून प्रचार चाले. पहिल्या महायुद्धात गिरण्या आणि खाणींत कामगारांसाठी चहाची सोय झाली. रेल्वे स्थानकांवर किटली घेऊन फिरणारे विक्रेते उभे केले गेले. मंदी आली तेव्हा हा प्रचार कितीतरी पटीने वाढला. स्थानकांवर चहा कसा करावा हे देशी भाषांत सांगणाऱ्या इनॅमलच्या पाट्या लागल्या. प्रचारक घरोघरी जाऊन चुलीपाशी चहा करून दाखवत, फुकट पाजत. एक पैशाची पुडी निघाली. त्याच सुमारास, १९३० च्या आसपास, आसामातल्या एका मळ्यावर विल्यम मॅकर्चर यांनी पाने चिरडून गोळीदार चहा करणारे यंत्र बनवले. त्यालाच आपण सीटीसी चहा म्हणतो. कमी पुडीत जास्त कप, आणि रंग कडक. आज टपरीवर उकळतो तो बहुतेक हाच.

या सगळ्यात एक गंमत झाली. प्रचारकांना हवा होता पुडी भरपूर घातलेला चहा. टपरीवाल्याने पुडी कमी केली, दूध-साखर वाढवली, आले-वेलची ठेचून घातली. प्रचारकांना हे मुळीच आवडले नाही, कारण पुडी कमी खपत होती. पण गिऱ्हाइकाला ते आवडले. दमलेल्या माणसाला एका पैशात उष्णता, साखर, थोडे दूध आणि कॅफिन एकत्र मिळाले. आपला उकाळ्याचा चहा असा विकणाऱ्याच्या गरजेतून आणि पिणाऱ्याच्या गरिबीतून घडला.

दुधाच्या गावात चहा

कोल्हापूर हे खरे तर दुधाचे गाव. गंगावेशच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देणारे अजून आहेत. तालमीत गेलेल्या आजोबांच्या तोंडी दूध, थंडाई, खारीक-बदाम हेच शब्द असत. चहा म्हणजे पोराला काळा करणारे, भूक मारणारे पेय. कॉफी तर पाहुण्यांसाठी, रात्री, जायफळ उगाळून. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर पुस्तक लिहिले, त्यातही शरीराला चहा-कॉफीची गरज नाही असेच मत मांडले.

तरीही चहा आला आणि रुजला. त्याचे सगळे श्रेय मी जाहिरातीला देणार नाही. याच गावात भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांचे हॉटेल होते. राजवाड्याच्या पागेत नोकरीला असताना, सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. दलिताच्या हातचा चहा कोण पिणार, असा तो काळ. महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा मागवत, स्वतः पीत आणि बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही प्यायला लावत. एका कपाने इतके मोठे काम केल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी माहितीत नाही.

म्हणून "चहा सोडा" असा उपदेश मी करत नाही. चहाच्या कपाभोवती भेट आहे, विसावा आहे, बरोबरी आहे. आपल्याला खरी तहान बऱ्याचदा याचीच असते. विकणाऱ्याने हे ओळखले आणि त्या तहानेला कॅफिन जोडून दिले. आपल्याला या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या पाहिजेत.

आजची युक्ती काय आहे?

शंभर वर्षांपूर्वीचीच, फक्त कपडे नवीन.

पहिली युक्ती लहान मापाची. एक पैशाच्या पुडीची नात म्हणजे दोन रुपयांची कॉफीची पुडी. महिन्याचा डबा परवडत नाही त्याला रोजची पुडी परवडते, आणि रोज विकत घेतलेली वस्तू रोज आठवते. मोठ्या कंपन्यांनाही हेच करावे लागते. २००८ च्या मंदीत स्टारबक्सने अमेरिकेत ६०० दुकाने बंद करण्याचे जाहीर केले. त्याच काळात नेहमीच्या गिऱ्हाइकाला बक्षिसे देणारे कार्ड काढले आणि पुढच्या वर्षी पाण्यात विरघळणाऱ्या कॉफीच्या पुड्या आणल्या. २०१२ मध्ये ही कंपनी मुंबईत आली. पुढे भारतीय खिशाकडे पाहून तिने 'पिको' नावाचा छोटा कप आणला आणि मसाला चहाही ठेवला.

दुसरी युक्ती साखरेची. कॉफी मुळात कडू. लहान मुलाला ती आवडत नाही. पण तिच्यात साखर, साय, चॉकलेट आणि बर्फ घातला की ती मिठाई होते. कोल्ड कॉफीचा मोठा पेला घेणाऱ्या कॉलेजच्या मुलांना आपण गोड खातोय असे वाटतच नाही. कॅफिनची हुशारी आणि साखरेचा आनंद एकाच घोटात मिळाला की मेंदू ती चव लगेच लक्षात ठेवतो.

तिसरी युक्ती ठिकाणाची आणि वेळेची. टपरी नेहमी तिथेच असते जिथे माणूस दमतो किंवा वाट पाहतो. एसटी स्टँड, सरकारी दवाखान्याचे फाटक, कोर्टाचा आवार, इचलकरंजीतल्या यंत्रमागाच्या गल्ल्या. बारा तासांच्या पाळीत माग चालवणाऱ्या कामगाराला विश्रांती मिळत नाही, पण चहा जागेवर येतो. मालकाला तो परवडतो, कारण झोपेपेक्षा चहा स्वस्त. इथे कॅफिनचे काम काय, हे आपण वर पाहिलेच.

चौथी युक्ती माल तोच दाखवून आतून बदलण्याची. अलीकडे दुष्काळामुळे ब्राझील-व्हिएतनामचे पीक घटले आणि २०२५ च्या सुरुवातीला कॉफीच्या भावाने उच्चांक गाठला. अशा वेळी पाकीट लहान होते किंवा चिकोरी वाढते. आपल्याकडे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे जवळपास निम्मी चिकोरी चालते. चिकोरी हे एक भाजलेले मूळ आहे. त्यात कॅफिन नसते. ते वाईट नाही, पण आपण कॉफीचे पैसे देऊन काय पितो हे पाकिटावर वाचायला हवे.

पाचवी युक्ती मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. ती म्हणजे वीस रुपयांची एनर्जी ड्रिंकची बाटली. एकेकाळी महागड्या डब्यात मिळणारे हे पेय आता शाळेजवळच्या पानपट्टीवर प्लास्टिकच्या बाटलीत मिळते. नियमाप्रमाणे अशा पेयात लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत ७५ मिलिग्रॅमपर्यंत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या मते मुलांसाठी दिवसाची मर्यादा दर किलो वजनाला ३ मिलिग्रॅम. पंचवीस किलो वजनाच्या चौथीतल्या मुलाची दिवसाची मर्यादा एका बाटलीत संपली. लहान मुले आणि गरोदर स्त्रियांसाठी नाही, असे बाटलीवर लिहिलेले असते, पण इतक्या बारीक अक्षरात की ते वाचायला चष्मा लागतो. जुलै २०२४ मध्ये राज्याचे तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनच्या पेयांवर बंदी आणू असे विधान परिषदेत सांगितले. निर्णय होतील तेव्हा होतील. आपल्या मुलाच्या दप्तरात काय आहे ते आज पाहता येते.

दवाखान्यात काय दिसते?

आधी चांगली बाजू. मोठ्या माणसांनी बेताने घेतलेली कॉफी घातक नाही. बिनसाखरेची कॉफी नियमित पिणाऱ्यांत मधुमेह आणि यकृताचे काही आजार कमी दिसतात, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. प्रश्न प्रमाणाचा, वेळेचा आणि सोबत जाणाऱ्या साखरेचा आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन नको. दीडशे मिलिलिटरच्या कपात चहातून ३० ते ६५, विरघळणाऱ्या कॉफीतून ५० ते ६५ आणि फिल्टर कॉफीतून ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन जाते. आता स्वतःचे गणित करून पाहा.

झोप: कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचला घेतलेल्या १०० मिलिग्रॅमपैकी रात्री दहाला ५० आणि पहाटे तीनला २५ अजून फिरत असतात. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या मोठ्या मात्रेनेसुद्धा झोप तासाभराहून अधिक कमी झाल्याचे २०१३ च्या एका अभ्यासात दिसले. मग सकाळी डोके जड, म्हणून पुन्हा चहा. हे चक्र असेच फिरत राहते.

रक्त: चहा-कॉफीतील टॅनिनसारखी द्रव्ये अन्नातले लोह बांधून ठेवतात. १९८३ च्या एका अभ्यासात जेवणाबरोबर चहा घेतल्याने लोहाचे शोषण ६४ टक्क्यांनी आणि कॉफीने ३९ टक्क्यांनी घटले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अशा घरात बाईचे जेवण म्हणजे अनेकदा चहा आणि पाव किंवा चहा-चपाती. मग मी दिलेली लोहाची गोळी ती चहाबरोबरच घेते, आणि तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन होते तिथेच राहते.

साखर: टपरीच्या एका कपात दीड-दोन चमचे, म्हणजे आठ-दहा ग्रॅम साखर धरा. आठ कप झाले की सत्तर-ऐंशी ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा साधारण पन्नास ग्रॅमची आहे आणि त्याच्या निम्मीच घ्या असा तिचा सल्ला आहे. "गोड खात नाही डॉक्टर, फक्त चहा" असे सांगणाऱ्या पेशंटची शुगर का उतरत नाही, हे इथे कळते. गुळाचा चहा घेतला म्हणून हिशोब बदलत नाही. आपला गूळ कितीही चांगला असला तरी रक्तात गेल्यावर ती साखरच.

गरोदरपण: या काळात कॅफिन शरीरातून फार सावकाश जाते. शेवटच्या तिमाहीत निम्मे व्हायलाच पंधरा तासांच्या आसपास लागतात. म्हणून दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे.

याशिवाय छातीत धडधड, हाताला कंप, पित्त, घाबरल्यासारखे होणे या तक्रारी घेऊन येणाऱ्याला मी आधी कपांची संख्या विचारतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती पाण्याबरोबर घ्यावी आणि पुढचा अर्धा ते एक तास चहा-कॉफी टाळावी, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.

मग करायचे काय?

१. आधी मोजा. आठवडाभर प्रत्येक कप कॅलेंडरवर टिंब देऊन नोंदवा. घरचा, ऑफिसचा, पाहुण्यांसोबतचा, सगळे. बहुतेकांचा आकडा त्यांच्या अंदाजापेक्षा मोठा निघतो.

२. एकदम सोडू नका. दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करा. मी स्वतः सात कपांवरून तीनवर आलो त्याला महिना लागला. डोके एकदाही दुखले नाही. ऑपरेशन ठरले असेल किंवा कडक उपवास धरायचा असेल तर आठ-दहा दिवस आधीपासून कमी करत या.

३. आधी साखर कमी करा, मग कप. अर्धा चमचा दर आठवड्याला. जीभ दोन-तीन आठवड्यांत सरावते.

४. जेवण आणि चहा यांत एक तासाचे अंतर ठेवा. लोहाच्या गोळीला हाच नियम. गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम.

५. दुपारी तीननंतर कॅफिन नको. संध्याकाळी गप्पांसाठी काहीतरी हवेच, तर ताक, कोकम सरबत किंवा कपभर दूध घ्या. दूध तर आपल्या गावात कमी नाही.

६. मुलांना बाराव्या वर्षापर्यंत चहा-कॉफीची सवय लावू नका. एनर्जी ड्रिंक कोणत्याच वयाच्या मुलाला नको. परीक्षेच्या रात्री जागायला तर मुळीच नको, कारण वाचलेले डोक्यात बसते ते झोपेत.

७. डोकेदुखीच्या गोळीचे पाकीट वाचा. त्यात कॅफिन असेल आणि ती आठवड्यात दोनदा-तीनदा घ्यावी लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

एक इशारा. प्रत्येक डोकेदुखी चहाची नसते. अचानक आलेली फार तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या, नजर अंधुक होणे, हात-पाय लुळे पडणे, छातीत दुखणे यांपैकी काही असेल तर चहा पिऊन वाट पाहत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

शेवटी, तलफ लागते म्हणून स्वतःला दोष देण्याचे काही कारण नाही. पडून राहिलेला माल खपवण्यासाठी हुशार लोकांनी शंभर वर्षे पैसा आणि डोके खर्च केले, तेव्हा ही तलफ आपल्या घरात आली. तुमच्या मनाच्या दुबळेपणातून ती उगवलेली नाही. टपरीवाल्यालाही दोष नको. त्याचाही संसार त्याच किटलीवर चालतो. मात्र हात तंग असताना घरातले काय कमी करायचे, हे विकणाऱ्याने ठरवू नये. पुढच्या वेळी बजेट आवळायची वेळ आली, तर फळ आणि डाळ यांच्या आधी चौथा, पाचवा, सहावा कप कमी करून पाहा. आठ कपांचे चार झाले, तर वाचलेल्या पैशात घरात रोज एखादे अंडे किंवा मूठभर शेंगदाणे येतात.

आठवडाभराची कपांची नोंद झाली की ती आपल्या डॉक्टरांना जरूर दाखवा. औषधांच्या यादीइतकीच ती आम्हाला उपयोगी पडते.